चेलोभोवती बांधलेल्या चेंबर संगीताच्या थीम मैफली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थीम असलेली मैफल आणि नेहमीची मैफल यांत फरक काय?

चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांसाठी लिहिलेल्या पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या, नेहमीच्या मैफलीत तीन-चार चांगल्या रचना एकापाठोपाठ येतात. वादकांना त्या आवडतात, एवढं कारण पुरतं. थीम असलेल्या मैफलीत त्या रचनांचं एकमेकींशी काही नातं असतं. पहिली रचना कानात असल्यामुळे दुसरीत एरवी निसटलं असतं असं काहीतरी सापडतं आणि शेवटची संपेपर्यंत पहिलीकडे बघण्याची नजर बदललेली असते.

माझी कसोटी साधी आहे. माहितीपत्रक न वाचता खुर्चीत येऊन बसलेल्या माणसाला तो धागा नुसत्या कानांनी सापडतो का? सापडत असेल तर थीम खरी. पत्रक वाचल्याशिवाय कळतच नसेल, तर ते कार्यक्रमाला दिलेलं फक्त नाव आहे.

त्यासाठी चेलोच का?

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातलं, बसून गजाने वाजवायचं मोठं वाद्य. त्याच्या चार तारा सी, जी, डी, ए अशा लावतात, व्हायोलापेक्षा (व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या भावंडापेक्षा) बरोबर एक सप्तक खाली. खालच्या सी तारेवर हे वाद्य अख्ख्या समूहाचा पाया धरू शकतं आणि वरच्या ए तारेवर व्हायोलिनच्या बरोबरीने गातं. माणसाच्या आवाजाचा खर्जापासून तारापर्यंतचा जवळजवळ सगळा पल्ला या एकाच वाद्यात आहे.

त्यात या वाद्याचा इतिहासही मैफलीला आयतं कथानक देतो. अठराव्या शतकात बराच काळ चेलोचं मुख्य काम बास ओळ, म्हणजे सर्वांत खालचे सूर, सांभाळण्याचं होतं. डाव्या हाताचा अंगठाच तारांवर आडवा टेकवून उंच स्वर घेण्याचं तंत्र रुजलं, बोकेरिनी आणि द्युपोर बंधूंसारखे वादक पुढे आले आणि संगीतकारांना या वाद्याचा वरचा आवाज खुणावू लागला. पाया धरणारं वाद्य गाणारं कसं झालं, हा प्रवास शब्दाविना, एका संध्याकाळी ऐकवता येतो. इतकी स्पष्ट वाटचाल फार थोड्या वाद्यांच्या वाट्याला आली आहे.

चांगली थीम कशी ओळखायची?

ती रचनांमधून वर आलेली असते. आधी आकर्षक शीर्षक ठरवायचं आणि मग त्यात बसतील अशा रचना शोधायच्या, हा उलटा प्रवास बहुतेक वेळा फसतो. ‘प्रेम’, ‘ऋतू’, ‘रात्र’ अशा विषयांत काहीही बसतं, म्हणूनच त्यातून काही ऐकू येत नाही.

त्यापेक्षा एखाद्या ठोस गोष्टीपासून सुरुवात करा: एक माणूस, एक प्रसंग, एक वाद्यसंच, रचनेतली एखादी अडचण. दोन चेलो असलेले पंचक (पाच वादकांची रचना) घेतले तर दोन खालचे आवाज एकत्र आल्यावर समूहाचा रंग कसा बदलतो, हीच थीम होते. एका वादकासाठी लिहिलेल्या रचना घेतल्या तर त्याची वाजवण्याची पद्धत तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत ऐकू येते. रोस्त्रोपोविच या रशियन चेलोवादकाचं उदाहरण घ्या. प्रोकोफिएव्हचा ओपस ११९ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक) हा सोनाटा, म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना, १९५० मध्ये त्याने रिख्तर या पियानोवादकाबरोबर पहिल्यांदा सादर केला, ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने १९६१ मध्ये त्याच्यासाठी सोनाटा लिहिला आणि पुढे १९६४ ते १९७१ या काळात एकट्या चेलोसाठी तीन सुइट (छोट्या भागांच्या मालिका) लिहिले. एवढ्यात मैफल उभी राहते.

एखादा पूर्ण कार्यक्रम उदाहरणादाखल सांगाल का?

मला सर्वांत आवडणारा सांगते. त्याचं नाव ‘राजाचा चेलो’ ठेवता येईल.

प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम दुसरा १७८६ मध्ये गादीवर आला. तो स्वतः चेलो वाजवायचा, तेही मनापासून. त्याच वर्षी, अजून युवराज असतानाच, त्याने स्पेनमध्ये राहणाऱ्या बोकेरिनीला आपला दरबारी संगीतकार नेमलं होतं आणि बोकेरिनी तिथूनच रचना पाठवत असे. हायडनने १७८७ मध्ये ओपस ५० ची सहा चतुष्टकं (चार तंतुवाद्यांच्या रचना) त्याला अर्पण केली. मोझार्टने १७८९-९० मध्ये तीन चतुष्टकं लिहिली, के. ५७५, ५८९ आणि ५९० (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). ती आज ‘प्रशियन’ म्हणून ओळखली जातात. १७९६ मध्ये तरुण बीथोव्हेन बर्लिनला गेला आणि द्युपोर बंधूंपैकी एकाबरोबर दरबारात ओपस ५ चे दोन सोनाटे वाजवून आला.

आता हे ओळीने ऐका. आधी बोकेरिनीचं दोन चेलोंचं एखादं पंचक. तो स्वतः चेलोवादक, म्हणून पहिला चेलो व्हायोलिनच्या प्रदेशात निर्धास्त वावरतो. मग मोझार्टचं के. ५७५. मिन्युएट या नृत्याच्या लयीतल्या भागाच्या मधल्या तुकड्यात (त्यालाही ट्रिओच म्हणतात) चेलो पुढे येतो आणि शेवटच्या भागाची मुख्य धूनही तोच उंच स्वरात सुरू करतो. राजाने वाजवायचं म्हणून चेलोला गाणं दिलं, मग बाकीच्या तिघांनाही तेवढंच महत्त्व द्यावं लागलं आणि चौघांचं संभाषण समतोल झालं. मध्यंतरानंतर बीथोव्हेनच्या ओपस ५ मधला जी मायनर स्वरपट्टीतला सोनाटा. इथे पियानोचा भाग पूर्ण लिहून काढलेला आहे, चेलोला त्याच्यासमोर स्वतःच्या पायावर उभं राहायचं आहे.

एका माणसाच्या छंदामुळे दहा वर्षांत एका वाद्याची जागा कशी बदलली, हे श्रोत्यांना कोणी समजावून सांगावं लागत नाही. अडचण एकच: पंचकासाठी पाच तंतुवादक लागतात आणि शिवाय पियानोवादक. पाच जणांचं बजेट नसेल तर बोकेरिनीचा चेलो सोनाटा घ्या, पण मोझार्ट सोडू नका.

फक्त तीन वादक आहेत: व्हायोलिन, चेलो आणि पियानो. मग?

मग रशियन संगीतातली स्मरणत्रयीची परंपरा घ्या. गेलेल्या मित्रासाठी पियानो ट्रिओ, म्हणजे याच तीन वाद्यांची रचना, लिहिण्याचा हा प्रघात चायकोव्स्कीपासून सुरू झाला. निकोलाय रुबिनस्टाइन १८८१ मध्ये गेला आणि चायकोव्स्कीने ओपस ५० त्याच्या स्मरणार्थ लिहिलं. १८९३ मध्ये चायकोव्स्की गेला, तेव्हा वीस वर्षांच्या रखमानिनॉव्हने त्याच्यासाठी ट्रिओ लिहायला घेतला. पुढच्याच वर्षी आरेन्स्कीने डी मायनर ट्रिओ लिहिला, तो दाविदोव या थोर चेलोवादकाच्या आठवणीत. पन्नास वर्षांनी, १९४४ मध्ये, शोस्ताकोविचने सोलेर्तिन्स्की या मित्राच्या मृत्यूनंतर आपला दुसरा ट्रिओ पूर्ण केला.

चारही एका संध्याकाळी वाजवता येत नाहीत. चायकोव्स्की आणि रखमानिनॉव्ह प्रत्येकी पाऊण तासाच्या आसपास जातात. मी आरेन्स्की आणि शोस्ताकोविच निवडेन. दोन्ही साधारण अर्ध्या अर्ध्या तासाचे आणि दोन्हीत चेलोचं काम थेट थीमला भिडणारं. आरेन्स्कीच्या ‘एलेजी’ (शोकगीत) या भागात चेलो म्यूट (आवाज दबवणारी छोटी चिमटी) लावून सुरुवात करतो. चेलोवादकाचं स्मरण चेलोच्याच दबलेल्या आवाजात होतं. शोस्ताकोविच तर ट्रिओची सुरुवातच एकट्या चेलोने करतो, तीही कृत्रिम हार्मोनिक्सवर (तारेला बोट हलकेच टेकवून काढलेल्या उंच, बासरीसारख्या सुरांवर), इतक्या उंच की मागून येणारं व्हायोलिन त्याच्या खाली वाजतं. एरवी खाली राहणारं वाद्य सगळ्यांत वर गेलेलं ऐकताना काहीतरी मुळापासून उलटंपालटं झाल्याची जाणीव होते. या दोन रचनांमधलं पन्नास वर्षांचं अंतर त्या एका ओळीत कळतं.

आणि दोनच वादक असतील तर?

बीथोव्हेन. चेलो आणि पियानोसाठी त्याचे पाच सोनाटे आहेत: ओपस ५ चे दोन (१७९६), ओपस ६९ (१८०८) आणि ओपस १०२ चे दोन (१८१५). सुरुवातीचा, मधला आणि उत्तरकालीन असे तिन्ही बीथोव्हेन त्यात भेटतात. पाचही मिळून पावणेदोन-दोन तास होतात. एका संध्याकाळी सगळे वाजवणारे वादक आहेत, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तीन पुरेत: ओपस ५ मधला दुसरा, ओपस ६९ आणि ओपस १०२ मधला दुसरा. सव्वा तासाच्या आत बसतात. पहिल्यात पियानो सतत बोलत असतो. ओपस ६९ मध्ये चेलो एकटाच, साथीशिवाय सुरुवात करतो. तिसऱ्याच्या शेवटी दोघे फ्यूगमध्ये (एकच धून आळीपाळीने उचलून एकमेकांत विणणाऱ्या रचनेत) गुंतलेले असतात, आणि नेतृत्व कोणाकडे, हा प्रश्नच उरत नाही. क्रम मात्र बदलू नका.

बाखचे सहाही सुइट एकाच मैफलीत घ्यावेत का?

सहा मिळून दोन तासांहून अधिक संगीत होतं, तेही एकट्या वाद्याचं. वादक ते पेलू शकतो, श्रोत्याचे कान मात्र चौथ्या सुइटनंतर थकतात. तीन-तीनच्या दोन मैफली हा जुना आणि शहाणा तोडगा आहे.

त्याहून चांगला उपाय म्हणजे एखादा सुइट दुसऱ्या कशाशी तरी जोडणं. ब्रिटनचे सुइट रोस्त्रोपोविचचं बाखवादन ऐकून सुचलेले आहेत, म्हणून एक बाख आणि एक ब्रिटन ही जोडी स्वाभाविक वाटते. सुइटची कहाणीही सांगण्यासारखी आहे: बाखच्या हस्ताक्षरातली प्रत उपलब्ध नाही, आपल्याकडे आहे ती मुख्यतः त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल. काझाल्स या चेलोवादकाला तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या दुकानात या सुइटची छापील आवृत्ती सापडली आणि १९३६ ते १९३९ मध्ये त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणांनी या रचना जगभर पोचवल्या.

रचनांचा क्रम कसा ठरवावा?

इथे वेळ द्या. निवड चुकली तरी क्रम सांभाळून नेऊ शकतो, पण चुकलेला क्रम चांगली निवडही वाया घालवतो.

पहिली रचना फार जड नको. श्रोत्यांच्या कानांना सभागृहाच्या आवाजाशी जुळवून घ्यायला काही मिनिटं लागतात. एकाच स्वरपट्टीतल्या दोन रचना शेजारी ठेवू नका, दुसरी फिकी पडते. सलग दोन संथ शेवटही नकोत.

चेलोच्या बाबतीत एक तांत्रिक मुद्दा आहे आणि तो कागदावर क्रम लावताना हमखास सुटतो: काही रचनांत तारा वेगळ्या लावाव्या लागतात. बाखच्या पाचव्या सुइटमध्ये ए तार जीपर्यंत उतरवतात. कोदायच्या सोलो सोनाट्यात (१९१५) खालच्या दोन्ही तारा अर्धा स्वर खाली येतात, जी ची एफ शार्प आणि सी ची बी. तार उतरवल्यावर ती लगेच स्थिर होत नाही, सरकत राहते. म्हणून अशी रचना मध्यंतरानंतर लगेच ठेवावी, म्हणजे वादकाला पडद्यामागे तारा बसवायला वेळ मिळतो. नाहीतर दुसरा चेलो तयार ठेवावा.

पहिल्या महायुद्धाच्या काळावरची मैफल बांधली तर हा नियम किती उपयोगी पडतो पाहा. देब्युसीचा चेलो सोनाटा १९१५ चा, जेमतेम बारा मिनिटांचा. आजारी देब्युसीने सहा सोनाटे लिहायचे ठरवले होते, तीनच पूर्ण झाले, हा त्यातला पहिला. त्याच्यानंतर राव्हेलचा व्हायोलिन-चेलो सोनाटा (१९२०-२२), देब्युसीच्या स्मृतीला अर्पण केलेला. देब्युसीत पियानो आहे, राव्हेलमध्ये तोही नाही, दोनच वाद्यं उघड्यावर. मग मध्यंतर, आणि नंतर कोदाय: एकटा चेलो, उतरवलेल्या तारा, अर्धा तास. मंचावरची वाद्यं दोन, दोन, एक अशी उरतात आणि आवाज मात्र वाढत जातो. पुन्हा तारा लावण्याचा प्रश्नही आपोआप सुटतो.

मैफल किती वेळाची असावी?

मध्यंतर नसेल तर साठ ते सत्तर मिनिटं. मध्यंतर असेल तर दोन भाग, प्रत्येकी चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांचे. मंचावरची आवराआवर, टाळ्या, तारा लावणं आणि बोलणं यांचा वेळ वेगळा धरा, तो पंधरा मिनिटं सहज खातो.

एखादी मोठी रचना एकटीच अर्धी मैफल घेत असेल तर जोडीला काय ठेवावं?

शूबर्टचं सी मेजर पंचक हे याचं ठळक उदाहरण. १८२८ मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी लिहिलेलं, पन्नास मिनिटांहून मोठं, आणि पहिल्यांदा जाहीर सादर झालं १८५० मध्ये. मोझार्टने आपल्या पंचकांत दुसरा व्हायोला घेतला होता, शूबर्टने दुसरा चेलो घेतला. त्यामुळे पहिला चेलो बासच्या कामातून मोकळा होतो. पहिल्या भागातली दुसरी धून दोन चेलो मिळून गातात, ती ऐकताना दुसरा चेलो का हवा होता हे एका क्षणात उमगतं. याच्या आधी बोकेरिनीचं छोटं पंचक ठेवावं. वाद्यं तीच, जग वेगळं. शूबर्टनंतर काहीही ठेवू नये.

मेसियाँचं ‘काळाच्या अंतासाठी चतुष्टक’ असेल तर वादकांकडे बघून जोडी ठरवा. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो असे चौघे आधीच जमलेले आहेत, मग पूर्वार्धात ब्राम्सचा क्लॅरिनेट ट्रिओ, ओपस ११४, सहज येतो. नवा वादक बोलवावा लागत नाही. मेसियाँची रचना १५ जानेवारी १९४१ रोजी ग्योर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पहिल्यांदा वाजली. त्यातला पाचवा भाग फक्त चेलो आणि पियानोचा आहे, अतिशय संथ, आणि चेलोवादकाच्या गजावरच्या ताब्याची खरी परीक्षा तिथे होते.

पूर्ण रचनांऐवजी निवडक भाग वाजवले तर चालतील?

क्वचित. सोनाट्याचा संथ भाग तेवढा काढून घेतला की तो गोड वाटतो, पण त्याच्या आधीचा ताण आणि नंतरची सुटका दोन्ही जातात. गोड तुकड्यांची माळ अर्ध्या तासात कंटाळा आणते. निसर्गावरच्या कार्यक्रमात हा धोका सर्वांत जास्त असतो: सँ-साँसचा ‘हंस’ (१८८६), मग आणखी काही पक्षी, मग पाऊस. ‘हंस’ जरूर घ्या, पण त्याच्या शेजारी सारियाहोची ‘सात फुलपाखरं’ (२०००) ठेवा. एकट्या चेलोच्या या सात छोट्या तुकड्यांत गजाचा दाब आणि जागा बदलून आवाजाचा पोतच फडफडतो. शेवटी जॉर्ज क्रमची ‘व्हॉक्स बालेने’ (१९७१): बासरी, चेलो आणि पियानो, तिघेही ध्वनिवर्धकावर, चेहऱ्यावर काळे अर्धमुखवटे. कुबड्या देवमाशांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकून सुचलेली ही रचना आहे. अशा सोबतीत ‘हंस’ पुन्हा ताजा वाटतो.

दुसऱ्या वाद्यासाठी लिहिलेली रचना चेलोवर घेणं योग्य आहे का?

हो. शूबर्टचा ‘अर्पेजिओने सोनाटा’ (१८२४) ज्या वाद्यासाठी लिहिला ते सहा तारांचं, पडदे असलेलं वाद्य काही वर्षांतच मागे पडलं. आज ती रचना मुख्यतः चेलोवरच जगते आहे. सेझार फ्रांकचा व्हायोलिन सोनाटा देल्सार या चेलोवादकाने फ्रांकच्या संमतीने चेलोसाठी मांडला. मूळ वाद्य कोणतं ते माहितीपत्रकात स्पष्ट लिहा, म्हणजे झालं.

स्त्री संगीतकारांच्या रचना कशा समाविष्ट कराव्यात?

त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ काढून मोकळं होऊ नका, त्यांना मुख्य कार्यक्रमात त्यांच्या जागी बसवा. १८४०च्या दशकातला पियानो ट्रिओ हवा आहे? क्लारा शुमानचा जी मायनर ट्रिओ १८४६ चा आहे आणि फॅनी मेंडेलसोनचा डी मायनर ट्रिओ त्याच सुमाराचा. युद्धकाळाच्या मैफलीत नादिया बुलांजेच्या चेलो-पियानोच्या तीन छोट्या रचना (१९१४) अगदी सुरुवातीला शोभतात, आणि हेनरिएट बोसमान्सचा १९१९ चा चेलो सोनाटा कोदायच्या जागी येऊ शकतो. ती एका चेलोवादकाची मुलगी होती आणि ते तिच्या लेखनात जाणवतं.

पियानोपुढे चेलो दबतो, काय करावं?

चेलोचा मधला आवाज आणि पियानोवादकाचा डावा हात एकाच प्रदेशात असतात, म्हणून हे होतं. ब्राम्सचा ई मायनर सोनाटा, ओपस ३८, यासाठी विशेष अवघड, कारण त्यात चेलो बराच काळ खालच्या तारांवर असतो. पियानोचं झाकण अर्धं उघडं ठेवून पाहा, पण पूर्ण बंद करू नका, आवाज मळकट होतो. त्याआधी पियानोवादकाला पेडल कमी करायला सांगा; निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. चेलोवादकाला लाकडी, आतून पोकळ चौथऱ्यावर बसवलं तर वाद्याच्या टोकदार पायातून कंप खाली उतरतो आणि आवाज भरतो. सरावात कोणीतरी शेवटच्या रांगेत बसून ऐकायलाच हवं, मंचावरून काही कळत नाही.

मंचावर आणखी काय लागतं?

हात नसलेली, सपाट बैठकीची खुर्ची. फरशी गुळगुळीत असेल तर वाद्याचा पाय घसरू नये म्हणून पट्टा किंवा रबरी आधार. मैफलीच्या दिवशी लावलेला पियानो. मंचावरचे दिवे सरावाच्या वेळीच सुरू करा, कारण त्यांच्या उष्णतेने तारा उतरतात.

मधे बोलावं का?

बोलावं, पण थोडं, आणि वादकाने स्वतः. दोन मिनिटांत एक गोष्ट सांगा आणि ती वाजवून दाखवा. शोस्ताकोविचच्या आधी हार्मोनिक म्हणजे काय हे तारेला बोट नुसतं टेकवून दाखवलं, तर श्रोते सुरुवातीचे सूर वेगळ्या कानांनी ऐकतात. संगीतकाराचं चरित्र पत्रकात छापा.

दोन भागांच्या मधे टाळ्या वाजल्या तर?

वाजू द्या. रचना सलग ऐकवायची असेल तर वादकाने गज तारेवरून पूर्ण उचलू नये, लोकांना आपोआप समजतं.

परवानगी कोणत्या रचनांसाठी लागते?

अनेक देशांत संगीतकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतात, काही ठिकाणी मुदत वेगळी आहे. बाख, बीथोव्हेन, शूबर्ट, देब्युसी (मृत्यू १९१८) मोकळे आहेत. कोदाय (१९६७), शोस्ताकोविच (१९७५), ब्रिटन (१९७६), मेसियाँ (१९९२) यांच्यासाठी चौकशी करावी लागेल. स्वरलिपीच्या आधुनिक आवृत्तीवर प्रकाशकाचे वेगळे हक्क असू शकतात. जाहिरात छापण्याआधी हे काम संपवा.

शेवटी ‘वन्स मोअर’ आला तर काय वाजवावं?

थीमच्या आतलंच काहीतरी, चार मिनिटांच्या आत. ‘राजाचा चेलो’ नंतर बीथोव्हेनने मोझार्टच्या ‘जादूची बासरी’मधल्या धुनेवर चेलो आणि पियानोसाठी लिहिलेल्या चलनांपैकी (एकाच धुनेच्या बदलत्या रूपांपैकी) दोन-तीन छान बसतात, दोन्ही संगीतकार त्यात भेटतात. स्मरणत्रयीच्या मैफलीनंतर मात्र काहीही वाजवू नये. तसं तिघांनी आधीच ठरवून ठेवावं, नाहीतर टाळ्यांच्या भरात कोणीतरी ‘हंस’ सुरू करतं.